ठेवणीतली लेस

१६३३ साली फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने फर्मान काढले की कपड्यांवर सोन्या-चांदीची जर आणि महागडी लेस चालणार नाही. त्याच सुमारास पॅरिसमध्ये आब्राम बोस नावाच्या चित्रकाराने या फर्मानावरची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि कागदावर छापून विकायला काढली. एकात दरबारी पुरुष आहे, एकात बाई. दोघांनीही हुकूम पाळलेला आहे: अंगावर साधे कापड, गळ्याशी सपाट पांढरी कॉलर, झगमग कुठे नाही. पण कालपर्यंतच्या उंची कपड्यांचे काय झाले? ते कोणी फाडलेले नाहीत, कोणा गरिबाला दिलेले नाहीत. नोकरमाणसांच्या हातून ते जपून आवरले जात आहेत. आपल्याकडे लग्नातला शालू जसा ठेवणीत जातो, तशी ती लेस ठेवणीत चालली आहे. बाईच्या चित्राखाली काही ओळींची कविता आहे. त्यात ती म्हणते, माझ्याहून सुंदर कोणी नाही हे मी गर्व न करता सांगू शकते. तरी मला वाटते, सोने आणि लेस अंगावर असली की मी आणखी बरी दिसते.

राजाचा हुकूम आणि त्या हुकमाची टर, दोन्ही एकाच कागदावर. पुढच्या काही वर्षांत तशीच फर्माने पुन्हा पुन्हा काढावी लागली, यावरून पहिल्याचे काय झाले असेल ते कळते.

या चित्रांवरून मला एक भांडण उकरून काढायचे आहे. बरोक काळातली, म्हणजे ढोबळमानाने सतराव्या शतकातली, युरोपची मुद्राचित्रे आज कुठेही बसून पाहता येतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने लाखो चित्रे फुकट खुली केली आहेत. सांगलीत चहा पिता पिता फोनवर एखाद्या चित्रातल्या फरचा केस न् केस मोठा करून बघता येतो. ही सोय मोठीच. पण ही चित्रे फिरतात ती कशी? खालची कविता कापलेली, छापणाऱ्याचा पत्ता कापलेला, आणि वर कोणीतरी लिहिलेले: ‘सतराव्या शतकातील उमराव स्त्री’, ‘तत्कालीन वेशभूषा’, आणि अगदीच उत्साह असेल तर ‘त्या काळच्या समाजाचा आरसा’. संग्रहालयांच्या पाट्याही याहून फार वेगळे बोलत नाहीत.

माझे म्हणणे असे की कपड्यांच्या बाबतीत ही चित्रे विश्वासू साक्षीदार आहेत, आणि कपडे घालणाऱ्याच्या बाबतीत अगदी बेभरवशाची. त्यांत दिसतो तो दर्जाचा दावा. आणि तो दावा थोडक्या पैशांत, दुकानात टांगून, विकायला ठेवलेला होता.

आमच्या घरात पणजोबांचा एक फोटो आहे. काळा कोट, गळ्यात उपरणे, हातात जाडजूड पुस्तक. कोट स्टुडिओवाल्याचा होता, पुस्तकही त्याचेच. पणजोबांना सहीपुरते अक्षर येत होते. त्या काळच्या कोटाची शिवण अभ्यासायची असेल तर तो फोटो उत्तम पुरावा आहे. पणजोबांचा अभ्यास करायचा असेल तर आधी स्टुडिओवाल्याची चौकशी करावी लागेल. सतराव्या शतकातल्या कागदांना आपण हा साधा प्रश्न का विचारत नाही?

झाक कालोपासून सुरुवात करू. हा लॉरेनमधल्या नान्सीचा चित्रकोरक्या. फ्लॉरेन्सला मेदिची दरबारात उमेदीची वर्षे काढून १६२१ मध्ये तो गावी परतला. त्यानंतरच्या दोनचार वर्षांतल्या त्याच्या दोन मालिका आहेत. एकीत लॉरेनच्या सरदार-उमराव स्त्रीपुरुषांची १२ चित्रे. दुसरीत भिकाऱ्यांची २५. माणूस एकच, गाव एकच, काळ जवळजवळ तोच, आणि कागदाचा आकारही जवळजवळ तोच: पोस्टकार्डाएवढा, हातात मावणारा. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. सरदार उभा आहे. झगा एका खांद्यावरून घसरू दिलेला, टोपीवर पिसे, पाय असा टाकलेला की कोणीतरी पाहते आहे हे त्याला ठाऊक असावे. त्याच्या मागे, खूप बारीक रेषांत, त्याचे जग आहे. भिकाऱ्याच्या पायाखाली वीतभर जमीन आहे आणि मागे कोरा कागद. त्याला गाव नाही, घर नाही. पण त्याच्या चिंध्यांवर कालोने जितकी मेहनत घेतली आहे, तितकी सरदाराच्या मखमलीवरही घेतलेली दिसत नाही. फाटक्या बाहीची प्रत्येक दशी मोजून घ्यावी.

भिकाऱ्यांच्या मालिकेचे पहिले पान तर फारच खट्याळ आहे. एक भिकारी फाटके निशाण धरून उभा आहे आणि निशाणावर इटालियनमध्ये लिहिले आहे, ‘कापितानो दे बारोनी’. बारोनी म्हणजे भटके, लफंगे. आणि बारोनी म्हणजे जहागीरदार सरदारही. एकाच शब्दात दोन्ही टोके बांधलेली. नान्सीच्या सरदारांनी हे पान पाहून काय केले असेल? बहुधा हसून विकत घेतले असेल. भिकाऱ्यांची चित्रे भिकारी विकत घेत नव्हते.

आता माझी तक्रार. एकाच हाताच्या या दोन मालिका पुस्तकांत आणि प्रदर्शनांत बहुतेक वेळा वेगळ्या प्रकरणांत जातात. सरदार ‘वेशभूषा’त, भिकारी ‘दारिद्र्य’ किंवा ‘युद्धकाळ’ यात. असे वाटावे की सरदार तेवढे कपडे घालत होते आणि भिकाऱ्यांच्या अंगावर होती ती परिस्थिती. कालोला तसे वाटत नव्हते. त्याने दोघांनाही पोशाखच दिला आहे.

दर्जाचे हे सोंग चित्रातल्या माणसांपुरते नव्हते. ते चित्र ज्या रीतीने बनत होते, त्या रीतीतही होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र काढण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. एकीत ब्यूरिन नावाची कोरणी हाताच्या जोराने तांब्यात ढकलत न्यायची. वर्षानुवर्षे हात बसल्याशिवाय ते जमत नाही. रेष येते ती स्वच्छ, मध्ये फुगलेली, टोकाला निमुळती. दुसरी तऱ्हा एचिंगची: पत्र्यावर व्हर्निशचा लेप द्यायचा, सुईने त्यावर रेखाटायचे आणि उघड्या पडलेल्या तांब्याला तेजाबात खाऊ द्यायचे. हे तुलनेने सोपे, जलद, स्वस्त. म्हणून मान कोरणीला. कालोने काय केले, तर ल्यूट वाद्याला देतात तसले कडक व्हर्निश वापरायला घेतले आणि टोक तिरके कापलेली एक सुई वापरली. त्यामुळे एचिंगची रेषसुद्धा फुगायला आणि निमुळती व्हायला लागली. बोसने १६४५ मध्ये या कामावर एक पुस्तकच लिहिले, आणि त्यात त्याचा आग्रह हाच की एचिंग असे उतरले पाहिजे की बघणाऱ्याला ते कोरणीचे वाटावे. म्हणजे स्वस्त रेषेने महाग रेषेचा पोशाख घालायचा. हे पुस्तक लिहिणारा बोस शिंप्याचा मुलगा होता, हे मला फार गमतीचे वाटते. कापड कुठे आखूड आहे आणि ते कसे झाकायचे, हे त्याला घरातूनच कळले असणार.

खुद्द चित्रकोरक्यांचा दर्जा काय, हाही तेव्हा वादाचा विषय होता. फ्रान्समध्ये १६६० साली चौदाव्या लुईला फर्मान काढून सांगावे लागले की चित्रे कोरणे ही स्वतंत्र कला आहे, तिला कारागिरांच्या श्रेणीचे नियम लागू नाहीत. लोकांची ऐट कोरून देणाऱ्यांना स्वतःची ऐट कागदोपत्री मिळवावी लागली.

गिरणीवाल्याचा मुलगा रेम्ब्रांट हे सगळे पुरते ओळखून होता. १६३० मध्ये त्याने एका भिकाऱ्याचे एचिंग केले आणि भिकाऱ्याला स्वतःचा चेहरा दिला. १६३९ मध्ये पुन्हा स्वतःचेच एचिंग केले. या वेळी दगडी कठड्यावर हात टेकून, अंगात उंची, पण शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचे कपडे, राफाएल आणि तिशियन यांनी रंगवलेल्या इटालियन रुबाबदारांसारखे. नऊ वर्षांत चेहरा तोच, दर्जा दोन टोकांचा, आणि दोन्ही वेळा सामग्री तांबे, मेण आणि तेजाब. ‘सतराव्या शतकातील डच नागरिक’ अशी पाटी यातल्या कोणत्या चित्राखाली लावणार?

पण या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो वेन्सेस्लाउस हॉलर. जन्म १६०७, प्राग. १६३६ मध्ये अरुंडेलच्या अर्लने त्याला पदरी घेतले आणि इंग्लंडला नेले. १६४० मध्ये त्याने इंग्रज स्त्रियांच्या पोशाखांची २६ चित्रे काढली. त्यात सरदारणीपासून गावाकडच्या बाईपर्यंत सगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये कोणी काय घालावे याचे कायदे १६०४ मध्येच रद्द झाले होते. म्हणजे ज्या देशात कायद्याने पायऱ्या पुसल्या, तिथे हॉलर त्या पायऱ्या एकेका कागदावर मांडून देत होता.

१६४३ च्या त्याच्या ‘हिवाळ्या’त एक बाई लंडनमधल्या कॉर्नहिलवर उभी आहे. मागे रॉयल एक्स्चेंजचा मनोरा. डोक्यावर टोपडे, खांद्यावर फर, एका हातात मफ, म्हणजे गारठलेले हात आत खुपसायची केसाळ कातड्याची नळी, आणि चेहऱ्यावर काळा मुखवटा. गोऱ्या कातडीला वारा लागू नये म्हणून तेव्हा श्रीमंत बायका असा मुखवटा घालत. या चित्रात बाईचा चेहरा नाही. ज्यावरून माणूस ओळखायचा तेच झाकलेले आणि बाकी सगळे अत्यंत बारकाईने दाखवलेले. खालच्या ओळी म्हणतात की जनावराचे कातडे ती थंडीमुळे पांघरते, मन निष्ठुर म्हणून नव्हे. आणि मग रात्रीच्या मऊ कातडीचा एक आंबटशौकी उल्लेख येतो. या ओळी कापून टाकल्या की उरते ‘लंडनची कुलीन स्त्री, हिवाळी पोशाख’. ओळी ठेवल्या की कळते, हे चित्र कोणासाठी होते आणि ‘कुलीन’ हा शब्द किती डळमळीत आहे. तेव्हा इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले होते. पुढच्याच वर्षी हॉलर अँटवर्पला निघून गेला.

तिथे त्याने बाईसुद्धा काढून टाकली. १६४७ च्या एका चित्रात फक्त वस्तू आहेत: मफ, पंखा, हातमोजे, लेस, मुखवटा, सगळे टेबलावर पसरलेले. मी हे चित्र किती वेळा मोठे करून पाहिले असेल, मोजदाद नाही. फर म्हणजे हजारो छोट्या रेषा. काही एकदाच तेजाबात बुडवलेल्या, म्हणून फिक्या. काही पुन्हा पुन्हा बुडवलेल्या, म्हणून गडद. जिथे केस वळतो तिथे रेष वळते. घडीत अंधार दाटतो. बोट लावावेसे वाटते. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपल्याकडे म्हणतात. हॉलरने आदमी वजा करून दहाचे दहा नूर टेबलावर मांडले आहेत. आणि हे मांडणाऱ्याची कमाई? तो तासाला चार पेनीने काम करी आणि कोणी बोलायला आले की वाळूचे घड्याळ आडवे करून ठेवी, म्हणजे गप्पांचे पैसे ग्राहकाच्या माथी नकोत, असे त्याच्याबद्दल सांगतात. १६७७ मध्ये लंडनमध्ये तो गेला तो कफल्लक अवस्थेत. फरचा केस न् केस ज्याने कोरला, त्याच्या अंगावर फर कधी असेल असे वाटत नाही.

शतकाच्या शेवटाकडे हा व्यवहार उघडउघड दुकानदारीचा झाला. पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावर बोनार बंधू फॅशनची चित्रे छापून विकत. खाली लिहिलेले असे ‘फाम द कालिते’, म्हणजे ‘दर्जाची बाई’. कोणती बाई? कोणतीही. कधी त्याच थाटाच्या बाहुलीखाली एखाद्या राजकन्येचे नाव टाकलेले असे. चेहरा सगळ्यांचा एकच. नाव बदलले की चित्र नवे. आउग्सबुर्गचे प्रकाशक त्यांच्या नकला काढत. काही हौशी लोक चित्रातला झगा कातरून मागून खऱ्या रेशमाचे तुकडे चिकटवत. हे वाचून मला आमच्या आजोळचे देवघर आठवले. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी, आणि तिच्या छापील साडीवर कोणा आजीने जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. छापील दर्जा हाताला लागत नाही, म्हणून त्यावर खरे कापड चढवायचे. दोनशे वर्षांचे अंतर, पण बोटांची ओढ तीच.

माझ्या म्हणण्यावर पोशाखांच्या अभ्यासकांचा आक्षेप असेल आणि तो रास्त आहे. त्या काळचे कपडे फार थोडे उरले. लेस कुजली, रेशीम उसवून पुन्हा शिवले गेले. अशा वेळी बोस, हॉलर, बोनार यांचे कागद नसते तर बाही कुठून सुरू होत होती हेही कळले नसते. मान्य. हॉलरची शिवण खोटी नसते. पण शिवणीवरचा विश्वास आपण न कळत माणसावर नेतो, तिथे गल्लत होते.

दुसरा आक्षेप मला कमी पटतो. या चित्रांनी फॅशन राजवाड्यातून बाहेर काढली, व्यापाऱ्याच्या बायकोलाही ती मिळाली, म्हणजे एक प्रकारे समता आली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. राजाच्या फर्मानांना जे जमले नाही ते बाजाराने करून दाखवले, हे खरे. पण बाजाराने केले काय? फर्मानाची सीमा कापडात होती: सोन्याची जर तुझ्या अंगावर चालेल, त्याच्या नाही. छापील चित्राने ती सीमा उचलून काळात नेली. १६७८ मध्ये ‘मर्क्यूर गालाँ’ या पॅरिसच्या नियतकालिकाने कपड्यांची नावे सांगणारी फॅशनची चित्रे द्यायला सुरुवात केली. आता कोणीही ते कापड घालावे; प्रश्न एवढाच की आधी कोणी घातले. व्यापाऱ्याच्या बायकोने बाही शिवून होईपर्यंत दर्जाच्या बाईची बाही बदललेली असायची. पायऱ्या पुसल्या गेल्या नाहीत, त्या सरकत्या झाल्या. आणि जिथे सरकारला कापड खरोखर थांबवायचे होते तिथे ते सरकत्या पायऱ्यांपुढे हरलेच. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून, सुरतेहून जाणाऱ्या चिटावर, म्हणजे रंगीत नक्षीच्या सुती कापडावर, फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली, आणि मधल्या ७३ वर्षांत चीट चोरून येत राहिली, अंगावर दिसत राहिली.

म्हणून मागणी साधी आहे. संग्रहालयांनी ही चित्रे खुली करताना पूर्ण कागद दाखवावा, कविता आणि पत्त्यासकट, आणि त्या ओळींचा अर्थही द्यावा. पाटीवर ‘उमराव स्त्री’ लिहिण्याऐवजी ‘उमराव स्त्री म्हणून विकलेले चित्र’ लिहावे. तीन शब्द वाढतील, भिंत काही पडणार नाही. कालोचे सरदार आणि कालोचे भिकारी एका भिंतीवर लावावेत. आणि आपण, जे ही चित्रे उचलून लेखांत, व्याख्यानांत, मालिकांच्या वेशभूषेत वापरतो, त्यांनी कात्री जरा बाजूला ठेवावी.

कात्री लागली की काय निसटते, याचा नमुना आपल्या दाराशीच आहे. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाले, म्हणजे बरोकच्या उंबरठ्यावरच. त्यातली गोव्याची चित्रे पुढे सगळ्या युरोपभर नकलली गेली, आणि आजही गोव्यात हटकून भेटतात. पणजीतल्या एका हॉटेलात जिन्याच्या भिंतीवर त्यातले एक पाहिले: रेशमी कपड्यातला पोर्तुगीज संथ चालला आहे, डोक्यावर छत्री, छत्री धरायला गुलाम. खाली पितळी पट्टीवर ‘गोव्यातील पोर्तुगीज सरदार’.

लिन्शोटेनने मजकुरात मात्र त्या रेशमाचा हिशेब लिहून ठेवला आहे. गोव्यातले पोर्तुगीज शिपाई दहा-बारा जण मिळून एका घरात राहतात, सगळ्यांत मिळून चांगल्या रेशमी कपड्यांचे एखाद-दोन जोड. एक जण ते चढवून रस्त्यावर निघाला की बाकीचे सदरा आणि चोळण्यावर घरी बसतात. घरात कपडे लागतात कोणाला? छत्रीखाली चाललेला माणूस हॉटेलच्या जिन्यावरून खाली येणाऱ्या पाहुण्यांकडे पाहतो आहे. त्याच्या घरचे नऊ जण तो परत यायची वाट पाहत बसले असतील.